शेवंताबाईंची ओळख पटल्याशिवाय

आमच्या मॅडमच्या स्कूटीवर मागे बसून किती कंपनीवाले हजेरी शेडपर्यंत गेले, हे मी मोजलं नाही. पण त्यांचे चेहरे मला आठवतात. कोट घातलेला, टाय लावलेला, लॅपटॉपची बॅग छातीशी घट्ट धरलेला माणूस मागे, आणि पुढे साडीवर सनकोट चढवून, स्कार्फने तोंड बांधून, काळा गॉगल लावून स्कूटी हाणणाऱ्या मॅडम. लोक दुकानातून बाहेर येऊन पाहायचे. पानठेल्यावरचा कोणीतरी म्हणायचाच, "आज नवीन मशीन येऊन राहिली वाटते."

मी तेव्हा तिथल्या भांडार विभागात लिपिक होतो. नागपूरहून रोज जाऊन-येऊन नोकरी करता येईल अशा अंतरावरची ती नगरपरिषद. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि मलाही पेन्शन घ्यायची आहे. मॅडम भांडार विभागाच्या प्रमुख. झाडूपासून कॉम्प्युटरपर्यंत ऑफिसात जे विकत यायचं ते त्यांच्या सहीने यायचं. राहायला नागपूरच्या महाल भागात. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, त्यांचं सगळं आटोपून त्या स्कूटीने यायच्या आणि आमच्याआधी खुर्चीत असायच्या.

बाई विक्षिप्त होत्या, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला टोकायला नको. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'अटीवाल्या मॅडम' म्हणत. मीही म्हणायचो. आता कोणी म्हटलं तर मला राग येतो.

कंपनीवाले डेमो द्यायला आले की सोबत खोके आणायचे. काजूकतली, डायरी, भिंतीवरचं घड्याळ. मॅडम खोक्याला हात लावायच्या नाहीत. उलट त्याच माणसाला बसस्टँडसमोरच्या ठेल्यावर न्यायच्या, स्वतःच्या पैशाने पोहे खाऊ घालायच्या आणि ठेलेवाल्याला सांगायच्या, "यायच्या पोह्यावर तर्री जरा झणझणीत टाक." पुण्या-मुंबईचा माणूस दोन घासांत घामाघूम. मग मॅडम सावकाश विचारायच्या, "आता सांगा भाऊ, ही मशीन बंद पडली तर कोण येते पाहाले?" मी एकदा विचारलं, एवढं तिखट काहून? म्हणाल्या, "तोंड पोळलं का माणूस पाठ केलेलं विसरते गा."

दुसरी खोड अजब बंगल्याची. नागपूरच्या म्युझियमला आमच्याकडे अजब बंगला म्हणतात, हे नागपूरकराला सांगायला नको. मॅडमनी भांडाराच्या मागच्या खोलीत आपला एक अजब बंगला मांडला होता. नगरपरिषदेने थाटामाटात घेतलेली आणि न चाललेली सगळी यंत्रं तिथे फळीवर ओळीने ठेवलेली, आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. दाखले देणारा टच स्क्रीनचा खांब होता, त्यावर लिहिलं होतं: 'उन्हात दिसत नाही, पावसात झटका देते.' कचरागाडीचा पत्ता सांगणारी डबी होती: 'गाडी गॅरेजात, नकाशावर नदीत.' नवीन कंपनीवाला आला की आधी त्याला हा बंगला दाखवायचा. एक जण म्हणाला, "मॅडम, हमारा वाला यहाँ नहीं आएगा." मॅडम म्हणाल्या, "सब यही बोलके गये भैया. जगह अभी बाकी है."

त्या फळीवर सगळ्यांत पुढे एक अंगठ्याची मशीन होती. तिची चिठ्ठी सगळ्यांत लहान. 'माझी चूक. हॉलमध्ये पाहून घेतली.' खाली मॅडमची सही.

आता ती चूक सांगतो, कारण मॅडम तिच्यानंतरच अशा झाल्या. त्याआधी त्या चारचौघांसारख्या अधिकारी होत्या. सफाई कामगारांची हजेरी मशीनवर घ्यायचं ठरलं. सभेच्या थंडगार हॉलमध्ये डेमो झाला. मुख्याधिकारी साहेबांचा अंगठा लागला, मॅडमचा लागला, माझाही लागला. टाळ्या वाजल्या. मॅडमनी 'काम समाधानकारक' असं लिहून सही केली आणि मशीन हजेरी शेडमध्ये गेली. हजेरी शेड म्हणजे सफाई कामगार पहाटे कामावर निघण्याआधी जमतात ती पत्र्याची जागा. तिथे आधी मुकादम नावं पुकारून हजेरी घ्यायचा, आता मशीन घेऊ लागली.

महिना संपल्यावर पाहतो तर कितीतरी कामगार गैरहजर. रस्ते झाडलेले, नाल्या उपसलेल्या आणि माणसं गैरहजर. चुना, ब्लीचिंग पावडर आणि नालीचं पाणी यांनी त्यांच्या बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. हॉलमध्ये अंगठा लावणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी कोणाचा हात कधी नालीत गेला होता?

त्या गैरहजरांतल्या एक शेवंताबाई. रोजंदारीवर होत्या. कचऱ्याच्या ढिगाला लागलेली आग विझवताना त्यांचा एक डोळा गेला होता, तरी बाजाराचा रस्ता त्यांनी कधी सोडला नाही. त्यांना कायम करण्याची फाईल नेमकी तेव्हाच वर गेलेली. कायम व्हायचं तर सलग हजेरी पाहिजे, खाडा चालत नाही, आणि मशीनने तर खाड्यांची रांग लावून दिली. त्या भांडारात आल्या, "जयभीम मॅडम" म्हणाल्या आणि दोन्ही तळवे मॅडमच्या टेबलावर ठेवले.

"मी रोज येते मॅडम. तुमची मशीन म्हनते शेवंता आली नाही. मंग रस्ता झाडला कोनं?"

मॅडम शेवंताबाईंचा अंगठा हातात घेऊन त्यावरून आपलं बोट फिरवत राहिल्या. अंगठा काचेसारखा गुळगुळीत होता. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "ती मशीन काढून आण गा." बंगल्यातली पहिली वस्तू ती.

मुख्याधिकारी साहेबांनी मशीनचे खाडे रद्द करून तात्पुरती मुकादमाची हजेरी चालवून घेतली. पण बजावलं की यापुढे जी नवीन मशीन स्वीकारली जाईल तिचीच हजेरी कायम करण्याच्या फाईलला लागेल. म्हणजे शेवंताबाईंचं सगळं नशीब आता पुढच्या मशीनवर. आणि ती मशीन निवडायची होती मॅडमना.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या खात्यात टेंडर कोणी लिहीत नाही, उतरवतात. दुसऱ्या कुठल्या नगरपरिषदेची फाईल मिळवायची, वरचं गावाचं नाव बदलायचं, द्यायचं पुढे ढकलून. कधी नाव बदलायचंही राहतं. एकदा आमच्या गावासाठी 'समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजणार नाहीत असे' दिव्याचे खांब मागवले होते, कारण मूळ कागद कोकणातला. अख्ख्या विदर्भात समुद्र कुठून आणायचा, हे कोणीच विचारलं नाही. खांब आले, लागले, अजूनही उभे आहेत. नाही गंजले, हे खरं.

मॅडमनी मात्र चेहरा ओळखणाऱ्या नव्या मशीनचं टेंडर स्वतः लिहिलं. आणि लिहून झाल्यावर शिपाईकाकांना समोर बसवून एकेक अट मोठ्याने वाचली. काकांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की अट खोडायची, पुन्हा साध्या भाषेत लिहायची. काका वैतागले. "मॅडम, मले काहून छळून राहिल्या? मी काय टेंडर भरून राहिलो काय?"

"काका, तुम्हाले समजलं का मंग कंपनीवाल्याले 'समजलं नव्हतं' म्हणता येत नाही. बसा चूपचाप."

त्या टेंडरमधली एक अट काकांना पहिल्या वाचनात समजली. ती मला आजही पाठ आहे. 'यंत्राची चाचणी हजेरी शेडमध्ये, कामाच्या वेळी, पहाटे घेतली जाईल. सफाई कामगार श्रीमती शेवंताबाई यांची ओळख पटल्याशिवाय यंत्र स्वीकारले जाणार नाही.'

साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. फाईल घेऊन मीही मागे उभा.

"टेंडरमध्ये माणसाचं नाव येते का कधी, मॅडम?"

"कंपनीचं येते ना, साहेब. लांबी-रुंदी अशी लिहितात का एकाच कंपनीची मशीन बसली पाहिजे. ते आडून लिहितात, मी उघड लिहून राहिले."

साहेबांनी सही केली. मला बाहेर येऊन हसू आवरेना, पण मॅडम हसल्या नाहीत.

जी कंपनी पुढे आली तिचा माणूस गोड बोलणारा होता. हॉलमध्ये मशीन अशी चालवली की वा. साहेब खूश. मार्च महिना लागलेला, मशीनसाठी आलेला निधी महिनाअखेरपर्यंत खर्च झाला नाही तर परत जाणार. साहेबांनी डोळ्यांनीच मॅडमना विचारलं, मग करता ना सही? मॅडम म्हणाल्या, "उद्या पहाटे," आणि त्या माणसाला म्हणाल्या, "माझ्या गाडीवर बसून चला. तुमची कार शेडपर्यंत जात नाही." जात होती हो. पण मॅडमना तो मागे बसलेलाच पाहिजे होता.

पहाटे शेडमध्ये एकच पिवळा दिवा. बायका डोक्यावरून नाका-तोंडापर्यंत रुमाल बांधून आलेल्या. मशीनसमोर एकेक येत गेली, रुमाल खाली केला, मशीनने नाव घेतलं. कंपनीवाल्याच्या जिवात जीव आला. मग शेवंताबाई आल्या. मशीन म्हणाली, "कृपया डोळे मिचकावा." फोटो दाखवून कोणी फसवू नये म्हणून माणूस जिवंत आहे का ते ती अशी तपासायची. शेवंताबाईंनी डोळा मिचकावला. मशीन म्हणाली, "कृपया डोळे मिचकावा." पुन्हा मिचकावला. मशीनचं तेच.

"मिचकावून राहिले ना वं बाई," शेवंताबाई मशीनला म्हणाल्या, "एकच हाय तर किती मिचकावू?"

बायका हसल्या. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण मशीन थांबत नव्हती आणि शेवंताबाई समोरून हटत नव्हत्या. कंपनीवाला पुढे आला. "मॅडम, ही एकच केस आहे. बाकी शंभर टक्के रिझल्ट आहे. एखाद-दुसरा टक्का तर सगळीकडेच जातो."

"टक्का तुमचा जाते, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "तिची तर अख्खी नोकरी जाते."

त्यांनी सही केली नाही.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. साहेबांचे फोन, नगरसेवकांचे फोन, कंपनीच्या मोठ्या माणसाचा फोन. सगळ्यांचं एकच: एका बाईसाठी अख्खा निधी परत घालवता काय? साहेबांनी शेवटी बदलीचं नाव काढलं. दूर, जंगलाकडच्या तालुक्यात. महालात पडलेल्या सासऱ्यांना घेऊन त्या तिकडे जाऊ शकत नव्हत्या, आणि हे साहेबांना माहीत होतं. त्या संध्याकाळी त्या स्कूटीजवळ उभ्या राहून स्कार्फ बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "भेव तर वाटते गा. पण मागच्या टाइमले सही करताना वाटलं नव्हतं, अन् तेव्हाच चुकलं." त्या क्षणी मला माझ्या ऑफिसचा, त्या पडक्या भांडाराचा, अगदी माझ्या लिपिकाच्या खुर्चीचासुद्धा अभिमान वाटला. उगाच नाही सांगत.

मार्च संपला. निधी परत गेला. मॅडमना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी उत्तरात चार ओळी लिहिल्या: टेंडरमधली अट जशीच्या तशी, आणि खाली 'ओळख पटली नाही.' बदली काही झाली नाही, कारण त्या उत्तरावर बोट ठेवायला कोणाला जागा सापडली नाही. नोटीस मात्र अजब बंगल्यात गेली, दोऱ्याला टांगून. चिठ्ठी होती: 'ही पण चालली नाही.'

आणि मशीन स्वीकारलीच नसल्यामुळे मुकादमाची हजेरी चालू राहिली. शेवंताबाईंचा एकही खाडा पडला नाही.

भर उन्हाळ्यात तो गोड बोलणारा माणूस पुन्हा आला. या वेळी कोट नव्हता, सोबत एक मुलगी होती, कंपनीची इंजिनीअर. एका नगरपरिषदेने नाकारलेली मशीन दुसऱ्यांना विकायला त्यांना जड जात होतं. ती मुलगी शेडमध्ये बायकांसोबत जमिनीवर बसली, शेवंताबाईंच्या डब्यातली भाकर खाल्ली, आणि काही दिवसांनी मशीनचं बोलणं बदललं. आता मशीन म्हणायची, "कृपया मान वळवा." शेवंताबाईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. दिवा हिरवा झाला. मशीन म्हणाली, "शेवंताबाई, आपली हजेरी नोंदवली आहे."

"दिसली काय वं तुले आता?" शेवंताबाई म्हणाल्या.

मॅडम गॉगल काढून पुसत बसल्या. पहाटे गॉगल कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. सही त्यांनी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून तिथेच केली. नवीन वर्षाचा निधी साहेबांनीच खटपट करून आणला, हेही सांगितलं पाहिजे. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा.

शेवंताबाई कायम झाल्या त्या दिवशी संत्रा बर्फीचं खोकं घेऊन भांडारात आल्या. मी मॅडमकडे पाहिलं. आता काय करतात म्हणून. मॅडमनी खोकं उघडलं, एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाल्या, "हे कंपनीचं नाही. हे आपलं आहे. घे गा तू पण."

मॅडम पुढे निवृत्त झाल्या. मला बढती मिळाली आणि मी विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका नगरपरिषदेत भांडाराचा प्रमुख होऊन गेलो. मागच्या हिवाळ्यात तिथेही हजेरीची जुनी मशीन बदलून नवी घ्यायचं टेंडर निघालं. माझ्या हाताखालच्या लिपिक बाईंनी रीतीप्रमाणे कुठूनतरी फाईल मिळवून ते उतरवलं. मी दुसऱ्या कामात होतो, वरवर पाहून पुढे पाठवलं. मग टेंडर भरण्याआधी कंपन्यांच्या शंका ऐकायची बैठक झाली. एका कंपनीच्या पोराने हात वर केला.

"सर, या श्रीमती शेवंताबाई कोण? अजून तीन-चार नगरपरिषदांच्या टेंडरमध्येही त्या आहेत. त्या सगळीकडे काम करतात का?"

मी कागद हातात घेतला. तीच अट. काना-मात्रा न बदलता. आमच्या बाजाराचा रस्ता झाडणारी बाई विदर्भभर फिरून आली होती, ज्या गावांनी तिला कधी पाहिलं नाही त्या गावांत मशीन तिच्यासाठी अडून बसत होत्या. लिपिक बाई कासावीस झाल्या. "सॉरी सर, नाव काढायचं राहून गेलं. खोडते." मी म्हटलं, थांबा. खोडू नका. शंकेचं उत्तर सोमवारी देतो म्हणून बैठक आटोपली.

रविवारी नागपूरला आलो तो तडक महालात, मॅडमकडे. कोथिंबिरीची सांबारवडी तळत होत्या. आता केस पूर्ण पांढरे, स्कूटी दारात तशीच. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या, हसता हसता कढईखालचा गॅस बंद करून खुर्चीत बसल्या. मग एकदम विचारलं, "खोडलं तर नाही ना गा?"

"नाही."

"खोडू नको. पण तेवढ्यानं होत नाही. शेवंता तर माझ्या गावची होती. तुझ्या गावात कोण आहे, ते पाहिलं काय तू?"

मी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "राहतेच एक. जा, शोध."

सोमवारी पहाटे मी आमच्या हजेरी शेडमध्ये गेलो. सगळ्यांना विचारलं, तुमच्यापैकी मशीनला कोण दिसत नाही? साहेब पहाटे कशाला आले, काय विचारतात, कोणाला कळेना. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग मागून एक वयस्कर कामगार पुढे आले. त्यांची मान सारखी हलत होती, कंप सुटल्यासारखी.

"मी आहो, साहेब. जुनी मशीन म्हणे, स्थिर उभे राहा. आता ही मान काही माझं ऐकत नाही." मग म्हणाले, "काहून साहेब? काही चुकलं काय माझं?"

"नाही, बाबा. तुमचं नाव पाहिजे. टेंडरमध्ये लिहायचं आहे."

त्यांना काही उमगलं नाही. पण त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, हातात धरला आणि विचारलं, "पुरं नाव सांगू?"

"पुरं सांगा," मी म्हटलं, आणि शेवंताबाईंच्या नावाखाली लिहायला लागलो.